तपकिरी दाण्यांचं वय

सेंट पीटर्सबर्ग
९ नोव्हेंबर १९९८

ती. सैराकान एजेस,
धाकट्या बहिणीचा, कानिशायचा शि. सा. न. वि. वि.

एजे, तुझं पत्र आणि कुरुतची पिशवी दोन्ही पोचली. इथल्या मुलींना वाळवलेल्या दह्याचा वास सोसत नाही, त्यामुळे अख्खी पिशवी माझ्या एकटीच्या वाट्याला आली. तुझ्या बेर्मेतचा पुढचा दात पडल्याचं वाचून हसले. मेदेर-जेझदेंना सांग, त्यांची मेव्हणी इथे राणीसारखी राहते हा त्यांचा समज चुकीचा आहे. खोली गरम होत नाही. मी दोन मोजे आणि टोपी घालून झोपते.

आज लिहायला बसले ते मात्र दुसऱ्याच कारणाने. मनात धास्ती बसली आहे आणि सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही. हे पत्र आबांच्या हाती पडू देऊ नकोस.

गेल्या मंगळवारी आमच्या प्रयोगशाळेत दगडांच्या सात पिशव्या आल्या. एकीवर लिहिलं होतं, ताश-कापका, डावा कडा, जागा ४१. एजे, एकेचाळीस म्हणजे आपल्या घळईतली ती पांढरी शीर! आबा आपल्याला तिथे टेपचं टोक धरून उभं करायचे आणि मी थंडीने रडायचे, तीच. घळईच्या तोंडाशी धरण बांधायचं म्हणून कुठल्याशा कंपनीने हे दगड पाठवले आहेत. त्यांना शिरेचं वय काढून हवं आहे. पुन्हा.

शहात्तर साली, आबा भूगर्भ खात्यात होते तेव्हा, हेच धरण त्यांच्या एका आकड्यावर अडलं होतं. घळईतून डोंगर चिरत ती भेग जाते. पांढरी शीर तिच्यावर येऊन तुटते आणि चाळीस पावलं बाजूला पुन्हा सुरू होते. आबांनी शिरेतल्या झिरकॉन नावाच्या खनिजाच्या दाण्यांवरून तिचं वय काढून घेतलं, ते आलं दोन कोटी वीस लाख वर्षं. दगडाच्या हिशेबात हे पोरवय. एवढ्या तरुण दगडाला भेगेने तोडलं, म्हणजे आपले डोंगर वर येताहेत त्याच काळात ती हलली आहे, म्हणजे ती जिवंत आहे. जिवंत भेगेवर कोणी धरण बांधत नाही. फाइल बंद झाली.

काल मी ते दाणे भिंगाखाली धरले. वाळूच्या कणाएवढे. निम्मे काचेसारखे स्वच्छ, आणि निम्मे तपकिरी, गढूळ, फुगून तडकलेले. ते बघून मी भिंग खाली ठेवलं.

का ते सांगते. झिरकॉन जन्मताना अंगात थोडं युरेनियम घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. पुढे युरेनियम सावकाश फुटत जातं आणि त्याचं शिसं होतं. किती युरेनियम उरलं आणि किती शिसं साठलं हे मोजलं की वय कळतं. पण प्रत्येक फुटण्याला एक धक्का असतो. एक अणू फुटला की आजूबाजूचे हजारो जागचे हलतात. कोट्यवधी वर्षं हे धक्के खाऊन दाण्याची आतली घडी विस्कटते. ज्याच्यात युरेनियम जास्त तो जास्त विस्कटतो, तपकिरी होतो, तडकतो. मग तड्यांतून पाणी शिरतं आणि साठलेलं शिसं निघून जातं. गळक्या पखालीत उरलेल्या कुमिसवरून किती घोड्यांचं दूध काढलं होतं हे कसं सांगणार? शिसं कमी दिसतं आणि म्हातारा दगड कागदावर तरणाताठा होऊन बसतो.

आबांनी तेव्हा कसले दाणे मोजायला दिले होते? स्वच्छ की तपकिरी? आकडा खोटा निघाला तर? आणि तो मी काढायचा?

बेर्मेतला पापा. या धाकटीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
कानिशाय


ताश-कापका
४ डिसेंबर १९९८

चि. कानिशाय हिस,
सैराकानचे पोटभर आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

तुझं पत्र मी गाद्यांच्या चळतीत, सगळ्यांत खाली, सासूबाईंनी दिलेल्या रजईत खुपसून ठेवलंय. दोनदा वाचलं. पखालीचं समजलं. बाकीचं म्हणशील तर माझंही तुझ्या दाण्यांसारखंच झालंय, पासपोर्टात अडतीस लिहिलंय आणि गुडघे सत्तरीचे आहेत. एवढं मात्र कळलं नाही, की दगड म्हातारा निघाला तर भ्यायचं कशाला? जुनं ते मजबूत ना?

आता इथलं ऐक. वीज दिवसाला चार तास येते. त्यामुळे निम्मं गाव धरणाच्या बाजूने आहे, आणि त्यात पहिला तुझा जेझदे. कंपनीचा तोकोन नावाचा माणूस आला होता, चामड्याचा कोट घालून. त्याने मेदेरला ट्रकवर घेतो म्हणून सांगितलंय. तेव्हापासून मेदेर जेवताना म्हणतो, सासऱ्यांच्या एका दगडापायी गाव बावीस वर्षं अंधारात बसलं. हसत म्हणतो, पण आबांच्या समोर म्हणतो. आबा चहाची वाटी गोल गोल फिरवत बसतात.

गेल्या गुरुवारी भर दुपारी मी गाय पिळत होते, तर बादली आपोआप वाजायला लागली. गाईने लाथ मारून दूध सांडलं आणि दावं ताणून उभी राहिली. घळईतून धुरळा वर आला. ओढ्याचं पाणी संध्याकाळपर्यंत ताकासारखं पांढरं वाहत होतं. मी बेर्मेतला उचलून बाहेर पळाले. आबा दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते आणि आकडे मोजत होते. अकरा सेकंद, म्हणाले. घाबरलात का म्हणून मी विचारलं, तर म्हणाले की आपण रोजच घाबरलेले असतो, आज फक्त गाईलाही कळलं.

कानिशाय, घळईखालचं पहिलं घर आपलं आहे. दुसरं बेर्मेतची शाळा. धरण फुटलं तर पाण्याला आपल्याकडे यायला किती वेळ लागेल हे मी चालत जाऊन मोजलं. माणसाच्या चालीने वीस मिनिटं. पाणी काही चालत यायचं नाही.

तू जे काही मोजशील ते नीट मोज. आणि मला खरं काय ते कळव, शहरातल्या माणसासारखं गोड करून नको.

डोक्यावरून हात फिरवला असं समज.

तुझी,
सैराकान


सेंट पीटर्सबर्ग
२८ डिसेंबर १९९८

ती. एजेस,
कानिशायचा शि. सा. न. वि. वि.

तू गोड करू नको म्हणालीस, म्हणून सरळ लिहिते. आबांचा आकडा खोटा आहे.

स्वच्छ दाणे मी सुईच्या टोकाने एकेक वेचून घेतले. मग ते पोलादी डबीत घालून हवेच्या झोताने गरागरा फिरवले. त्याने दाण्याची वरची साल घासली जाते. बिघाड आणि गळती सालीतच जास्त असते, आत गाभा शाबूत उरतो. तो गाभा आम्लात विरघळवून मोजला. तीनदा केलं. तिन्ही वेळा एकोणतीस कोटी वर्षं, वर दहा-वीस लाखांचा फरक. नंतर तपकिरी दाणे न घासता तसेच मोजले. आले दोन कोटी चाळीस लाख. म्हणजे जवळपास आबांचाच आकडा.

आता तुझा प्रश्न. जुनं ते मजबूत हे शिरेपुरतं खरं आहे. भेगेची गोष्ट वेगळी. शीर दोन कोटी वर्षांची असती तर भेग त्यानंतर हलली हे नक्की होतं. शीर एकोणतीस कोटींची आहे म्हटल्यावर भेग त्यानंतर कधीतरी हलली एवढंच उरतं. कधी? पंचवीस कोटींपूर्वी हलून मेली असेल किंवा तुझी गाय बुजली त्या गुरुवारी हलली असेल. शीर सांगू शकत नाही. भेग जिवंत असल्याचा एकमेव लेखी पुरावा आबांचा आकडा होता आणि तो मी पुसून टाकला आहे.

एजे, माझ्या टेबलावर दोन फाइली आहेत. कोणालाही न कळता मी फक्त तपकिरी दाण्यांची फाइल पुढे करू शकते. जुन्याशी जुळणारा आकडा आला म्हटल्यावर कोणी शंकाही घेणार नाही. धरण होणार नाही. बेर्मेत शाळेत जात राहील. गेल्या आठवड्यात हा विचार डोक्यात घोळत असतानाच आम्ल काढत होते आणि हातातला ड्रॉपर सुटला. या आम्लाचा थेंब कातडीवर पडला तर आधी दुखतसुद्धा नाही, तो हाडापर्यंत जाऊन मग कळतो. तमारा इग्नात्येव्नांनी मला मागून ओढलं. त्या माझ्या वरिष्ठ आहेत, त्यांच्या डाव्या हाताच्या बोटावर अशाच एका थेंबाचा खड्डा आहे. माझे हातमोजे काढून त्यांनी दहादा तपासले आणि मग विचारलं, झालंय काय?

मी सगळं सांगितलं. माझे वडील, माझं गाव, सगळं. त्या रागावल्या, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं म्हणाल्या. मग म्हणाल्या, की आता हेच दाणे दुसरं कोणी मोजेल, तुझ्या आकड्याकडे न बघता. आणि जाताजाता एवढंच, की चांगल्या कारणासाठी खोटा आकडा देणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्या आकड्यांचं पुढे काय होतं तेही.

दुसऱ्या मुलीची मोजणी काल आली. एकोणतीस कोटी.

अहवाल जानेवारीअखेर द्यायचा आहे. मी काय करू? तुला हळूच विचारता आलं तर आबांना विचार, की त्या भेगेबद्दल त्यांच्याकडे दगडाशिवाय आणखी काही पुरावा होता का. कारण सांगू नकोस.

रागावली असशील तरी माझ्यावर पाखर असू दे.

तुझी,
कानिशाय


ताश-कापका
१९ जानेवारी १९९९

चि. कानिशायला,
सैराकानचे आशीर्वाद.

आधी हे वाच, आबा जिवंत आहेत. आता बाकीचं सांगते.

तुझं पत्र मी वाचून रजईत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले म्हणून बेर्मेतने गाद्या काढल्या आणि तुझी दोन्ही पत्रं खाली पडली. तिने अक्षर ओळखलं आणि मावशीची पत्रं म्हणून उड्या मारत आजोबांना नेऊन दिली. मी चुलीपाशी होते. येऊन बघते तर आबा चष्मा हातात धरून बसलेले, पत्रं मांडीवर घडी करून ठेवलेली. मी पाय धरले. त्यांनी मला उठवलं आणि विचारलं, की पोरीने साल किती वेळ घासली? मी काय सांगणार! पुरेशी घासली असेल, असं स्वतःशीच म्हणाले आणि पडून राहिले. जेवले नाहीत.

सकाळी अंथरूण रिकामं. काठी नाही, कालपाक टोपी नाही, जुना टेप नाही. बर्फ मांडीपर्यंत. मेदेरने घोडा काढला, मी मागे चालत. पावलांचे खड्डे घळईकडे गेले होते. कानिशाय, त्या अर्ध्या तासात माझ्या मनात काय काय आलं ते कागदावर लिहिणार नाही. ओढ्याच्या वळणावर खड्डे संपले. मी हाका मारल्या तर डोंगरच हाका मारत बसला.

मेदेरला ते दिसले. वरच्या कुरणातला मेंढवाडा आठवतो ना, दगडी कुंपणाचा, ज्यावर बसून आपण कुरुत खायचो? आबा तिथे गुडघ्यावर बसून हातांनी बर्फ उकरत होते. बोटं निळी पडली होती. मेदेर त्यांना घोड्यावर घालायला लागला तर म्हणाले, की आधी टेपचं टोक धर. मेदेर ओरडला, डोकं फिरलंय म्हणाला. पण आबांनी अशा नजरेने पाहिलं की त्याने निमूट टोक धरलं. मी दुसरं.

ते कुंपण सरळ येतं, भेगेपाशी तुटतं आणि पुढे बाजूला सरकून पुन्हा सरळ जातं. सव्वा मीटर. लहानपणी मला वाटायचं दगड ढासळलेत. ढासळलेले नाहीत, दोन्हीकडचे चिरे जागच्या जागी आहेत. मधला डोंगरच सरकलाय. हे कुंपण आबांच्या आजोबांनी बांधलं, नव्वदेक वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी. आबा तेवढंच बोलले आणि दातखिळी बसली.

आता तीन दिवस ताप आहे. मेंढीच्या चरबीने छाती चोळते. झोपेत टेप मागतात.

तू विचारलं होतंस काय करू. मला वाटत होतं मी लिहीन, की तपकिरी फाइल दे. खरं सांगते, तेच लिहायचं ठरवलं होतं. पण कुरणात बर्फ उकरणारे आबा बघितले आणि हात चालेना. तुझं तू ठरव. मी तुला दोष देणार नाही, कुठल्याही बाजूने.

इथून पाखर आहेच.

तुझी,
सैराकान


सेंट पीटर्सबर्ग
८ फेब्रुवारी १९९९

ती. एजेस,
शि. सा. न.

तुझं पत्र आज हाती आलं. आबांचा ताप उतरला का? तार कर, दोन शब्दांची कर, पण कर.

तुझं पत्र येण्याआधीच मी अहवाल दिला. खरा दिला. एकोणतीस कोटी. शहात्तर सालचा आकडा बिघडलेल्या दाण्यांमुळे चुकला हे लिहिलं, आबांचं नावही लिहावं लागलं. त्याखाली मी एक परिच्छेद जोडला, की या वयावरून भेग मेलेली आहे असं कोणी म्हणू नये, हे वय भेगेबद्दल काहीच सांगत नाही आणि तिथे चर खणून माती तपासल्याशिवाय बांधकाम करणं धोक्याचं आहे. तमारा इग्नात्येव्नांनी खाली सही केली.

तोकोनचा फोन आला होता. खूश होता. म्हातारा चुकला होता तर, असं म्हणाला. मी त्याला परिच्छेद वाचायला सांगितलं. वाचला म्हणाला, पण असल्या ओळी तुम्ही लोक सगळीकडेच घालता. फोन ठेवल्यावर मी तोंड धुवायला गेले आणि तिथेच खाली बसले. एजे, मी जन्मात इतकी भ्याले नव्हते. मी खरं बोलले आणि त्याने माझं घर बुडालं तर?

कुंपणाचं माप, फोटो, त्याबद्दल ऐकलेलं कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याचं म्हणणं, सगळं पाठव. माझ्याकडेच नाही, राजधानीतल्या भूकंप अभ्यासणाऱ्यांकडेही. पत्ता सोबत आहे. उशीर करू नकोस.

आणखी एक. इथल्या दप्तरात शहात्तर सालची नोंद मिळाली. आबांनी दिलेल्या नमुन्यापुढे लिहिलंय, भाग तिसरा. पहिला आणि दुसरा भाग कुठे आहे? आबा बरे झाले की विचार. आता नको.

माझी आठवण असू दे.

कानिशाय


ताश-कापका
२२ मार्च १९९९

चि. कानिशायला,
सैराकानचे हजार आशीर्वाद.

तार मिळाली असेल. ताप उतरला, खोकला आहे. आता गुरुवारी काय झालं ते सांगते.

कंपनीने शाळेत सभा बोलावली. सगळं गाव आलं. तोकोनने तुझा अहवाल मोठ्याने वाचला, पण निम्माच. आबांचं नाव आलं तिथे थांबला आणि म्हणाला, की ज्या आकड्याने तुमची वीज अडवली तो चुकीचा होता, आणि हे कोणी परक्याने नाही, खुद्द त्यांच्या लेकीने सिद्ध केलंय. मागून कोणीतरी हसलं. कोणी म्हणालं, की इमानकुल म्हाताऱ्याच्या दाण्यांनी आमची पोरं कंदिलाखाली आंधळी झाली. मला धरती दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि लगेच वाटलं, की हे आपल्या गावात तरी म्हणू नये.

आबा उठले. मी कोट ओढला, त्यांनी सोडवून घेतला. म्हणाले, की आकडा चुकीचा आहे. माझा होता, माझ्या पोरीने बरोबर केला, ती माझ्यापेक्षा चांगली मोजते. मग तोकोनला म्हणाले, की पुढचा परिच्छेदही वाचा. तो कागद चाळायला लागला. तेव्हा, कानिशाय, तुझा जेझदे उठला! पुढे गेला, तोकोनच्या हातातून कागद घेतला आणि अडखळत अडखळत वाचला. मेदेरला रशियन वाचताना घाम फुटतो हे तुला माहीत आहे. शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं आणि म्हणाला, की टेपचं टोक मीच धरलं होतं, सव्वा मीटर आहे, ज्याला खोटं वाटतं त्याने आत्ता चलावं.

सगळे निघाले. बातमा-आपा नव्वदीच्या, त्यांना पाठीवर घेऊन नातू निघाला. कुरणात पोचल्यावर त्या कुंपणाच्या तुटल्या जागी हात ठेवून रडायला लागल्या. त्यांची आई सांगायची, की त्या दिवशी कुंपण बुजलेल्या घोड्यासारखं बाजूला झालं आणि आतल्या मेंढ्या वेड्यासारख्या ओरडत होत्या. त्यांना वाटायचं, आईची कहाणी आहे. कोणी हसलं नाही. सगळे एकमेकांकडे न बघता आपापल्या घराकडे बघत होते. त्या भेगेच्या रेषेत कोणाकोणाचं घर येतं ते.

तोकोन म्हणाला, की वरिष्ठांना कळवतो. तुझं पत्र येताच मी कुंपणाचं माप राजधानीला पाठवलं होतं, तिथून उत्तर आलंय, मे महिन्यात चर खणायला माणसं येणार. तोवर काम बंद. मेदेरचा ट्रक गेला. घरी येताना तो एवढंच बोलला, की कंदिलाचं तेल आणायला हवं.

मी मोकळी झाले असं समजू नकोस. आधी मला पाण्याची भीती होती, आता जमिनीचीच वाटते. बेर्मेतला दाराजवळ निजवते.

आबांना मी तो तिसऱ्या भागाचा प्रश्न विचारला. ते स्वतः लिहीन म्हणाले.

मायेत कमी पडू देणार नाही.

तुझी,
सैराकान


ताश-कापका
१४ जून १९९९

चि. कानिशाय हिस,
इमानकुलचे आशीर्वाद.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. चुका पोटात घाल.

चर खणून झाला. दोन मीटर खोल, वीस लांब. मातीचे थर तीन वेळा फाटलेले स्वच्छ दिसतात, शेवटची फाट गवताच्या मुळांपर्यंत आलीय. मी खाली उतरून हात लावून पाहिली. भेग जिवंत आहे. कंपनीने आखणीच्या खुंट्या उपटून नेल्या. राजधानीच्या लोकांनी रेषेवरची नऊ घरं हलवायला सांगितली आहेत, त्यांत आपलंही आहे. मेदेरने कोणाचा तरी ट्रक मागून आणलाय, तो रोज वासे आणि दारं वाहतो. नवीन जागा उघडी आहे, वारा फार. सैराकान त्यावरून दिवसभर त्याच्याशी भांडते, म्हणजे ती बरी आहे.

आता तू विचारलेलं. पहिला आणि दुसरा भाग कुठे?

मी दाण्यांचे तीन ढीग केले होते. स्वतः, सुईने. पहिला स्वच्छ, दुसरा मिसळ, तिसरा तपकिरी. तिन्हींची मोजणी आली. पहिला साडेवीस कोटी, दुसरा अकरा कोटी, तिसरा दोन कोटी वीस लाख. जितका रंग काळा तितकं वय कमी. मोजणाऱ्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे वय नाही, ही गळती आहे. मला ते त्याच्या आधीच समजलं होतं.

तू तुझ्या सभ्यपणाने लिहिलंस, की दाणे बिघडल्यामुळे आकडा चुकला. पोरी, दाणे बिघडले होते, पण आकडा मी निवडला.

त्याआधी मी धरणाच्या समितीपुढे कुंपणाची गोष्ट सांगितली होती. ओढ्याचं पांढरं पाणी, धुरळा, बातमाच्या आईची आठवण, सगळं. अध्यक्ष हसले. म्हणाले, की मेंढपाळ भिंती वाकड्याच बांधतात. चर खणायला परवानगी मागितली, मिळाली नाही. मी घरी आलो. तू तेव्हा चार वर्षांची होतीस, ओढ्यात पाय सोडून बसली होतीस. पुढच्या बैठकीला मी तिसरा कागद टेबलावर ठेवला. भीती त्यांनी ऐकली नव्हती, आकडा ऐकला. त्या दिवशी तुझ्या आईने आनंदाने बोर्सोक तळले. मी एकही खाल्ला नाही, आणि का ते मी तिलाही कधी सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही नाही.

तेव्हापासून बावीस वर्षं मी एका पत्राची वाट पाहत होतो. कोणीतरी पुन्हा मोजेल आणि लिहील. पोस्टाची गाडी वळणावर दिसली की मी गोठ्यात जाऊन बसायचो. मग तू झिरकॉनच शिकणार म्हणालीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी तुला भिंग विकत आणून दिलं. पत्र तुझ्याच हातचं येणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी चूक केली की नाही हे तुझ्याकडून ऐकायचं नाही. मला ठाऊक आहे. खोट्या आकड्यावर टेकलेली खरी गोष्ट बावीस वर्षं टिकली, पण तोकोनच्या एका वाचनात कोसळली आणि पाठोपाठ कुंपणाची गोष्टही म्हाताऱ्याची बडबड ठरली असती. तू खरं लिहिलंस म्हणून लोकांनी पुढचा परिच्छेद ऐकला.

पहिल्या दोन भागांचे कागद मी जाळू शकलो नव्हतो. सोबत जोडले आहेत. तू यावर लेख लिहिशील त्यात तिन्ही आकडे छाप, माझ्या नावासह. तपकिरी दाणे काय करतात ते शिकणाऱ्यांना कळेल. घाबरलेला माणूस काय करतो तेही कळू दे.

परवा दुपारी जमीन पुन्हा हलली. चहा सांडला. आम्ही सगळे उघड्यावर आलो, बेर्मेत माझ्या अंगरख्यात शिरली. मी भ्यालो, चांगलाच भ्यालो. नऊ सेकंद. थोड्या वेळाने वळणावर पोस्टाची गाडी दिसली, आणि मी नातीचा हात धरून तिला सामोरा गेलो.

बापावर राग असला तरी पत्र पाठवत राहणे.

तुझे आबा,
इमानकुल